चार जोडांत वर्ष: ऋतूंप्रमाणे चपला-बुटांचा छोटा, टिकाऊ संच कसा जमवावा

शिक्षणासाठी किंवा पहिल्या नोकरीसाठी नव्या शहरात आलेल्या माणसाच्या दारात दोन वर्षांत सात-आठ जोड सहज जमतात. त्यातले दोन चावतात म्हणून पडून असतात, एकाचा तळ सुटलेला असतो, एकाला बुरशी धरलेली असते आणि रोजच्या पायात एकच सँडल फिरत असते. महाराष्ट्रात या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा पावसात सापडतं. चामडं, गोंद आणि फोम या तिघांनाही सर्वांत जास्त मार जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बसतो. त्यामुळे संच आखायचा तर पावसाळ्यापासून सुरुवात करा. कोणता जोड पाण्यात जाणार आणि कोणता चार महिने कपाटात राहणार, एवढं आधी ठरलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

इथे दिलेला हिशेब मुंबई, कोकण, पुणे, कोल्हापूर आणि गोवा डोळ्यांपुढे ठेवून केला आहे. विदर्भ-मराठवाड्यात दमटपणा कमी आणि ऊन जास्त, तिथला फरक त्या त्या ठिकाणी सांगितला आहे.

हाताशी काय लागेल

- दोन कोरे कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी
- घोड्याच्या केसांचा किंवा कोणताही मऊ ब्रश, आणि जुना टूथब्रश
- रंगहीन शू क्रीम, एक सुती फडकं
- जुनी वर्तमानपत्रं, आणि पांढऱ्या बुटांसाठी कोरा कागद
- सुती पिशव्या (जुन्या उशीच्या खोळी उत्तम)
- पांढरं व्हिनेगर
- खरेदीची बिलं आणि खोक्यावरच्या लेबलाचा फोटो. हमीसाठी तर लागतातच, पण तयार केल्याचा महिना-वर्ष लक्षात ठेवायलाही हेच उपयोगी पडतं. त्याचं कारण पाचव्या पायरीत आहे.

## १. नवीन घेण्याआधी आहे ते जमिनीवर मांडा

सगळे जोड बाहेर काढा आणि तीन ढीग करा: रोज घालता ते, दुरुस्त झाले तर घालाल ते, आणि चावतात किंवा लहान-मोठे होतात म्हणून कधीच घालत नाही ते. दुसरा ढीग पिशवीत भरून याच आठवड्यात दुरुस्तीला न्या. बऱ्याच घरांत नव्या चार जोडांपैकी एक-दोन याच ढिगातून निघतात. असलेला जोड आणखी दोन वर्षं चालला तर एक जोड बनवण्याचं पाणी, चामडं, रबर आणि वाहतूक सगळंच वाचतं. म्हणून पर्यावरणाच्या दृष्टीने पहिलं काम दुकानात जाण्याचं नसून या ढिगाचं आहे.

चावणाऱ्या जोडाकडे नीट बघा. टाचेला घासतो, करंगळीला दाबतो की अंगठ्याच्या टोकाला लागतो? तीच चूक पुढच्या खरेदीत टाळायची असते.

## २. पाय संध्याकाळी मोजा

दिवसभर चालून-बसून पाय थोडे सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यावं. कागदावर पूर्ण वजन देऊन उभे राहा, पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्याकडून कड काढून घ्या. स्वतः वाकून काढली की वजन सरकतं आणि माप चुकतं. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि पंजाची सर्वांत जास्त रुंदी, दोन्ही लिहा. दोन्ही पायांची लिहा; बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, आणि माप मोठ्या पायाचं धरायचं.

बंद बुटात सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा हवी. आपल्याकडे दुकानांत मुख्यतः ब्रिटिश नंबर चालतात. त्यात एका नंबराने साधारण ८.५ मिलिमीटरचा फरक पडतो, युरोपीय नंबरात साधारण ६.७ मिलिमीटरचा. अमेरिकी नंबर पुरुषांच्या बुटांत ब्रिटिश नंबरापेक्षा साधारण एकाने पुढे असतो, बायकांच्या बुटांत साधारण दोनाने. ऑनलाइन मागवताना म्हणूनच नंबरावर विसंबू नका, कंपनीच्या तक्त्यातली सेंटिमीटरची ओळ पाहा.

लांबी बरोबर असूनही बूट चावत असेल तर दोष रुंदीचा असतो. लहानपणापासून अनवाणी आणि चपलेत वावरलेल्यांचे पंजे रुंद असतात आणि परदेशी धाटणीचे बूट पुढे निमुळते असतात. अशा वेळी एक नंबर मोठा घेणं हा उपाय नव्हे. टाच सैल होते, पाय आत सरकतो आणि फोड येतात. रुंद साच्याचा बूट मागा. दुकानात बुटाचं आतलं पातळ तळपान बाहेर काढून त्यावर पाय ठेवून पाहा. पंजा दोन्ही बाजूंनी बाहेर येत असेल तर तो जोड परत ठेवा.

## ३. कामं लिहा, मग जोड ठरवा

जोडाचं नाव त्याच्या कामावरून ठेवा. बहुतेक शहरी माणसाची कामं चारांत बसतात:

१. पावसात चालणं
२. ऑफिस, मुलाखत, बंद बूट लागतो असे प्रसंग
३. कोरड्या दिवसांतलं रोजचं फिरणं आणि सणसमारंभ
४. व्यायाम, प्रवास, लांब चाल

घरातली रबरी स्लीपर यात धरलेली नाही. शेतात जाणाऱ्यांना, साइटवर काम करणाऱ्यांना किंवा ट्रेकला जाणाऱ्यांना पाचवा जोड लागेल आणि तो घ्यावाच. चार हा आकडा पवित्र नाही. पण पाचवा घेताना तो कोणतं काम करणार हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

रंग दोन कुटुंबांतले ठेवा. गडद तपकिरी बंद बूट आणि तपकिरी किंवा नैसर्गिक रंगाची कोल्हापुरी घेतली तर एकच पट्टा, एकच क्रीम आणि जवळपास सगळे कपडे जुळतात. काळा बूट न्यायालयात, गणवेशात किंवा ठरावीक नोकरीत सक्तीचा असतो. तसं नसेल तर तपकिरी जास्त कामाला येतो आणि त्याच्यावरचे ओरखडेही कमी दिसतात.

## ४. पावसाळी जोड: पकड आधी, दिसणं नंतर

पावसाळी जोडात एकही चामड्याचा, रेक्झिनचा किंवा जाड कापडाचा भाग नको. मागे टाचेवर पट्टा असलेली सँडल घ्या. पाण्यातून चालताना मोकळी चप्पल पायातून निघते, आणि ती निघू नये म्हणून बोटं आवळून चालताना माणूस घसरतो.

तळाकडे पाहताना हे लक्षात ठेवा. इव्हीए हा हलका, फेसासारखा पदार्थ. पाणी पीत नाही, पटकन वाळतो. पण ओल्या फरशीवर आणि शेवाळावर त्याची पकड कमी, आणि खालची नक्षी लवकर झिजून गुळगुळीत होते. वरचा भाग इव्हीएचा आणि जमिनीला लागणारा थर रबराचा असेल तर दोन्हींचा फायदा मिळतो. रबर ओळखायला तळ अंगठ्याने घासा: रबर अंगठा अडवतं, कडक पीव्हीसीवरून तो सरकतो. नक्षीच्या खाचा कडेपर्यंत मोकळ्या हव्यात, म्हणजे पायाखालचं पाणी बाहेर जातं. मध्येच बंद होणाऱ्या गोल खळग्यांत पाणी अडकतं.

रस्त्यावर साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू असू शकतात आणि ते पायावरच्या बारीक जखमेतूनही शरीरात जातात. ज्यांच्या रोजच्या वाटेवर गुडघाभर पाणी साचतं किंवा ज्यांना चिखलात काम करावं लागतं त्यांनी सँडलऐवजी गमबूट घ्यावेत. जखम असताना अशा पाण्यातून जावं लागलं तर पाय साबणाने धुऊन कोरडे करा आणि २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा.

हा जोड पाऊस येण्याआधी, मे महिन्यात घ्या. जूनमध्ये पहिल्या सरीत भिजत दुकानात गेलात की जे मिळेल ते घ्यावं लागतं.

## ५. बंद बूट: तळ पाहून किंमत ठरवा

दुकानात सगळ्यांचं लक्ष वरच्या चकाकीवर असतं. बुटाचं आयुष्य मात्र तळ कशाचा आहे आणि तो कसा जोडला आहे यावर ठरतं.

जोडणी मुख्यतः दोन तऱ्हेची. चिकटवलेला तळ फक्त गोंदावर उभा असतो. शिवलेल्या तळात दोरा आरपार गेलेला असतो. वेल्ट पद्धतीत तर कडेने एक वेगळी पट्टी शिवतात आणि तळ त्या पट्टीला शिवतात, त्यामुळे वरच्या चामड्याला धक्का न लावता तळ पुन्हा पुन्हा बदलता येतो. अशा बुटाची किंमत जास्त असते. रोज ऑफिसला बूटच घालायचा असेल तर ती परवडते. महिन्यातून दोनदा घालायचा असेल तर चांगला चिकटवलेला बूट पुरतो.

इथे एक सापळा आहे. अनेक चिकटवलेल्या बुटांच्या रबरी कडेवर टाके साच्यातूनच उमटवलेले असतात. नखाने तपासा: खरा दोरा वेगळा जाणवतो, उमटवलेला टाका रबराशी एकजीव असतो. आतलं तळपान उचलून आत शिवण दिसते का तेही पाहा.

दुसरा सापळा पीयू तळाचा. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. हलका, मऊ, चालायला आरामशीर, म्हणून ऑफिसच्या आणि आरामदायी म्हणवल्या जाणाऱ्या बुटांत सर्रास वापरतात. पण हवेतली वाफ या पदार्थाच्या साखळ्या हळूहळू तोडत जाते. बूट वापरा किंवा खोक्यात ठेवा, ही क्रिया चालूच राहते, आणि दमट हवेत वेगाने चालते. त्यामुळे लग्नात एकदा घातलेला, चार-पाच वर्षं जपून ठेवलेला बूट बाहेर काढून चार पावलं चाललं की तळाचा भुगा पडतो. याला गोंद लावून उपयोग नाही, कारण चिकटायला शाबूत पृष्ठभागच उरलेला नसतो. वरचं चामडं चांगलं असेल तर सबंध तळ काढून नवा बसवता येतो, तोही कारागिराकडे त्या मापाचा तळ मिळाला तर.

म्हणून पीयू तळाचा बूट घ्यायचा असेल तर दोन नियम पाळा. सेलमध्ये घेताना लेबलवरचा महिना-वर्ष पाहा. दोन वर्षांपेक्षा जुना माल घेऊ नका. आणि तो जपून ठेवू नका, वापरा. क्वचित लागणाऱ्या, वर्षानुवर्षं टिकायला हव्या असलेल्या बुटाला रबराचा तळच बरा. पीयू ओळखायचा तर तळ हातात घेऊन बघा: आकाराच्या मानाने हलका लागतो आणि कडेला बारीक बुडबुड्यांची रचना दिसते. खात्री नसेल तर दुकानदाराला बिलावर लिहून मागा.

वरच्या भागाबद्दल थोडक्यात. बोटाने दाबल्यावर खऱ्या चामड्यावर बारीक सुरकुत्या चहूकडे पसरतात. रेक्झिनवर नुसता खळगा पडतो. रेक्झिनचे पापुद्रे दोन-तीन पावसाळ्यांत सुटायला लागतात आणि तेही दुरुस्त होत नाहीत. ‘जेन्युइन लेदर’ एवढ्या शिक्क्यावरून चामड्याचा दर्जा कळत नाही, कारण जाड प्लास्टिकचा थर दिलेल्या खालच्या पापुद्र्यालाही तो शिक्का लागतो. चामडं वापरायचंच नसेल तर रेक्झिनऐवजी जाड कॅनव्हास आणि रबरी तळ हा जास्त टिकाऊ मार्ग आहे.

## ६. कोल्हापुरी: हातात घेऊन पारखा

कोरड्या आठ महिन्यांसाठी आपल्या हवेला कोल्हापुरीइतकं योग्य पायताण दुसरं नाही. पाय मोकळा राहतो, घाम वाळतो, आणि बनवताना चामडं हिरडा आणि बाभळीच्या सालीसारख्या वनस्पतींनी कमावलेलं असतं. बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात आणि त्या सांडपाण्याचा प्रश्न मोठा आहे, म्हणून हा फरक महत्त्वाचा. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना आहे. त्यामुळे निपाणी किंवा अथणीकडची चप्पल नकली आहे असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका.

पारखायचं कसं:

- कड पाहा. खऱ्या चपलेचा तळ चामड्याचे थर एकावर एक ठेवून केलेला असतो. कडेला ते थर मोजता येतात. कड रंगाने जाड माखलेली असेल तर आत पुठ्ठा किंवा रबरशीट असण्याची शक्यता असते.
- टाके पाहा. पारंपरिक चपलेत खिळा नसतो. तळ चामड्याच्याच वादीने शिवलेला असतो आणि ते टाके खालून दिसतात.
- कान ओढून पाहा. तळाच्या दोन्ही बाजूंना जे पंख असतात ते कान. वरचा पट्टा त्यांना शिवलेला असतो आणि सगळा ताण तिथे येतो. कान तळाच्या थरांमध्ये खोल दाबून शिवलेला हवा, नुसता चिकटवलेला नको.
- वास घ्या. वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याचा वास मातकट असतो. रसायनाचा झोंबरा वास येत असेल तर जपून.
- वाकवून पाहा. नवी चप्पल कडक असते, पण वाकवल्यावर तडा जाता कामा नये.

कोल्हापुरात शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत एकाच फेरीत साध्या चपलेपासून कापशीपर्यंत सगळे प्रकार हाताळायला मिळतात. लांब असलात तर ओळखीच्या कारागिराकडे पायाची काढलेली कड पाठवून माप देता येतं. दुसऱ्या पायरीत काढलेला तो कागद इथे पुन्हा कामी येतो.

माप घट्टच घ्या. चामडं पायाप्रमाणे सैलावतं, आणि अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची वादी) पहिल्याच दिवशी ढिला असेल तर महिन्याभरात चप्पल पायात राहत नाही. टाच मात्र तळाच्या बाहेर लोंबता कामा नये.

नवी कोल्हापुरी चावते. ती अशी वळवा: पट्ट्याच्या आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूला दोन-चार थेंब खोबरेल किंवा एरंडेल तेल बोटाने चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी फडक्याने पुसा. पहिले आठ-दहा दिवस घरातच तासभर घाला. लग्नाच्या दिवशी सकाळी नवी चप्पल पायात चढवणं म्हणजे संध्याकाळपर्यंत फोड. तेल जास्तही घालू नका. अति तेलाने चामडं काळवंडतं, मऊ पडतं आणि धूळ धरतं. पुढे दोन-तीन महिन्यांतून एकदा एवढंच तेल पुरे.

डांबरी रस्त्यावर रोज चालणार असाल तर सुरुवातीलाच खाली पातळ रबर लावून घ्या. चामड्याचा तळ झिजून टाके तुटायला लागल्यावर लावलेलं रबर तितकं टिकत नाही. पाणी हा या चपलेचा खरा शत्रू: भिजलेल्या थरांतला ताठपणा जातो, टाके सैल पडतात आणि वाळल्यावर तळ वाकडा होतो.

## ७. चौथा जोड: कापडी किंवा स्पोर्ट्स

इथे फार विचार लागत नाही. रोज धावत असाल तर धावण्याचा बूट फक्त धावायला ठेवा. त्यातला फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये दबून जातो, आणि तोच बूट बाजारहाटाला घातलात तर तेवढं अंतर लवकर संपतं. धावत नसाल तर रबरी तळाचा कॅनव्हास बूट घ्या. तो हाताने धुता येतो आणि तळ व कापड यांच्या सांध्यावर शिवण असेल तर बरीच वर्षं जातो.

धुताना बादलीत कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश. वॉशिंग मशीनमध्ये गोंद सैल होतो. पांढरा कॅनव्हास वाळताना पिवळा पडतो तो आत राहिलेल्या साबणामुळे. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर टाका, आणि बुटाला कोरा पांढरा कागद गुंडाळून सावलीत वाळवा.

## ८. पाळी आणि वाळवण

एकच बंद बूट सलग दोन दिवस घालू नका. दिवसभरात मुरलेला घाम बाहेर पडायला चामड्याला साधारण २४ तास लागतात. ओलाव्यातच पुन्हा पाय गेला की अस्तर कुजतं, वास धरतो आणि तळाचा गोंद आतून सुटत जातो. पावसाळ्यात मोज्यांचा एक जादा जोड बॅगेत ठेवा.

बूट भिजलाच तर याच क्रमाने करा:

१. लेस आणि आतलं तळपान काढा.
२. चिखल ओला असतानाच साध्या पाण्याच्या फडक्याने पुसा. वाळलेला चिखल चामड्यातलं तेल शोषतो.
३. आत वर्तमानपत्राचे सैल बोळे भरा. पहिले बोळे तासाभरात बदला, मग चार-पाच तासांनी. फिक्या अस्तराच्या बुटात कोरा कागद वापरा, छपाईची शाई उतरते.
४. बूट आडवा ठेवा, म्हणजे तळालाही वारा लागेल. पंख्याखाली सावलीत एक ते दोन दिवस.
५. पूर्ण वाळल्यावर क्रीमचा पातळ हात द्या.

ऊन, हेअर ड्रायर, गॅसची शेगडी, फ्रिजची मागची बाजू: यातलं काहीही नको. गरमीने चामड्याचे तंतू आकसतात, मग ते कडक होऊन घडीवर तडकतं, आणि तळाचा गोंदही मऊ होतो. याच कारणाने नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये बूट बंद गाडीत ठेवू नयेत.

परदेशात बर्फाच्या गावी राहणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट: रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग चामडं कोरडं करतात. समान पाणी आणि पांढरं व्हिनेगर यांच्या फडक्याने त्याच दिवशी पुसा. कोल्हापुरी तिथे उन्हाळ्यापुरतीच.

## ९. चार महिन्यांची साठवण आणि बुरशी

मुंबईत पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर धरतात. पाऊस येण्याच्या आठवडाभर आधी चामड्याचे जोड ब्रशने साफ करा, क्रीमचा पातळ हात देऊन रात्रभर सुकू द्या, आत कागद भरून सुती पिशवीत घाला. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही नको, आत अडकलेली वाफ बुरशीला पुरते. बंद शू-रॅक हे कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांत बुरशीचं माहेरघर असतं. रॅक बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, दार रोज थोडा वेळ उघडं ठेवा आणि ओली पावसाळी सँडल त्याच रॅकमध्ये ठेवू नका. ही शेवटची चूक सर्वांत जास्त घरांत होते.

सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात, पण ओलावा पिऊन भरल्या की निरुपयोगी होतात. रंग बदलणारे दाणे घ्या आणि नारंगी रंगाचेच घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, ते घरात नकोत.

दर पंधरा दिवसांनी पिशव्या उघडून पाहा. पांढरट किंवा हिरवट ठिपके दिसले तर जोड गॅलरीत न्या, तोंडाला रुमाल बांधा, कोरड्या ब्रशने बुरशी झाडा. मग समान पाणी-व्हिनेगरात पिळून काढलेल्या फडक्याने पुसा. आधी आतल्या बाजूला एका कोपऱ्यात लावून रंग उतरत नाही ना ते बघा. पंख्याखाली वाळवा, मग क्रीम. तो ब्रश धुऊन वाळवल्याशिवाय दुसऱ्या बुटाला लावू नका, आणि रॅकचा कप्पाही त्याच पाण्याने पुसून घ्या.

## १०. दुरुस्तीची वेळ ओळखा

स्टेशनबाहेर, बाजाराच्या तोंडाशी बसणारे गटई कामगार हा या सगळ्या संचाचा आधार आहे. आरी, रापी, दोरा आणि गोंद एवढ्यावर ते जी कामं करतात ती बहुतेक ब्रँडच्या दुकानांत होत नाहीत. एक कारागीर धरून ठेवा. चांगल्याची खूण अशी: तळ चिकटवून देण्याआधी तो जुना गोंद खरवडतो आणि चिकटवल्यावर शिवणही मारायची का ते विचारतो.

कधी न्यायचं:

- टाचेची बाहेरची कड ३-४ मिलिमीटर झिजली की लगेच. आणखी थांबलात तर पाय तिरका पडतो आणि वरचं चामडंही वाकडं होतं.
- पंज्याखालची नक्षी दिसेनाशी झाली की. भोक पडेपर्यंत थांबू नका. पुढे अर्धा तळ टाकून भागतं, उशीर झाला की पूर्ण लागतो.
- कोल्हापुरीचा एक टाका निघाला की. एक टाका पाच मिनिटांचं काम, निखळलेला कान अर्ध्या दिवसाचं.

तळ थोडासाच उघडला असेल तर घरी चिकटवता येतो. जुना गोंद पूर्ण काढा, दोन्ही पृष्ठभाग काचपेपरने घासा, फेव्हिबाँडसारखा रबरी गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, १०-१५ मिनिटं थांबा, बोटाला चिकटेल पण सुटून येणार नाही एवढा झाला की जोरात दाबा आणि २४ तास वजनाखाली ठेवा. फेव्हिक्विक तळाला वापरू नका. तो काचेसारखा कडक होतो आणि बूट वाकतो तिथे पुन्हा तुटतो. वर त्याचा थर राहिल्याने नंतर कारागिराचाही गोंद नीट बसत नाही.

कामाचे पैसे घासाघीस करून पाडू नका. समजा बूट ३,००० रुपयांचा आहे आणि दोन वर्षं गेला. ६०० रुपयांत तळ बदलून तो आणखी दोन वर्षं गेला तर वर्षाचा खर्च १,५०० वरून ९०० वर येतो.

## ११. वर्षाचं वेळापत्रक

मे: पावसाळी जोडाची नक्षी तपासा, लागल्यास नवा घ्या.
जूनचा पहिला आठवडा: चामडं साफ करून पिशवीत.
जुलै-ऑगस्ट: पंधरवड्याने तपासणी. सँडल रोज रात्री धुऊन उभी करून ठेवा.
ऑक्टोबर: पाऊस गेला की सगळे जोड दोन दिवस मोकळ्या हवेत, सावलीत. मग दुरुस्तीला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कारागिरांकडे गर्दी असते, त्यामुळे दसऱ्याआधीच न्या.
नोव्हेंबर ते फेब्रुवारी: काही घ्यायचं असेल तर चामड्याची खरेदी या दिवसांत करा. हवा कोरडी असते, नवा जोड पायाशी बसायला पावसापर्यंत वेळ मिळतो.
मार्च-एप्रिल: कोल्हापुरीला तेलाचा हात.

## १२. निरोप द्यायचा तो कसा

चालण्याजोगे पण तुम्हाला न होणारे जोड आधी ओळखीत विचारून द्या. स्पोर्ट्स बूट अगदी गेलेले असले तरी उपयोगी पडतात: मुंबईत सुरू झालेली ग्रीनसोल जुन्या बुटांपासून चपला बनवून गरजूंना देते. गूंजसारख्या संस्था वापरण्याजोगे जोड घेतात. पाठवण्याआधी त्यांच्याकडे काय स्वीकारतात ते विचारा. फाटलेले, बुरशी धरलेले जोड दानात घालू नका. ते तिथेही कचराच होतात. त्यातल्या लेस, बकल आणि चांगल्या टाचा मात्र कारागीर आनंदाने ठेवून घेतो.

देताना जोड धुऊन, वाळवून, दोन्ही बूट लेसनेच एकमेकांना घट्ट बांधा, आणि चपला असतील तर सुतळीने. वर्गवारीच्या ढिगात एक पाय हरवला की दुसराही वाया जातो.